नाटकाच्या ग्रुपसाठी सरकारी ग्रँट कुणी खरंच घेतलीय का? (इंदूर)

जिरावन_मारके:
नमस्कार मंडळी. आमचा इंदूरचा मराठी नाटकाचा ग्रुप आहे, अकरा जण, सगळे नोकरीवाले, रामबागेत एकाच्या काकूच्या गच्चीवर तालमी करतो (पाऊस आला की जिन्यात). सोसायटी 2021 ला रजिस्टर केली कारण तेव्हा कुणीतरी म्हणालं रजिस्ट्रेशन असलं की सरकार पैसे देतं. तेव्हापासून ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात आहे, बस. मागच्या वर्षी दोन अंकी नाटक केलं, हॉल, लाइट, नेपथ्य, टेम्पो सगळं धरून 84 हजार गेले आणि तिकिटांतून आले 31, बाकीचे खिशातून घातले, त्यात एकाचा बाइकचा हप्ता चुकला आणि त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. आता एक भाऊ भेटलेत, म्हणतात दिल्लीची ग्रँट काढून देतो, वीस टक्के आमचे. विचारायचं हे की आमच्यासारख्या छोट्या ग्रुपला खरंच मिळते का, आणि या भाऊंना हो म्हणू का? शिवाय आमच्यात एक 22 वर्षांचा पोरगा आहे, त्याला फक्त नाटकच करायचंय, घरचे रोज डोकं खातात, त्याच्यासाठी काही असेल तर तेही सांगा.

खजिनदार_काका:
अरे लॅमिनेट काय केलंस, ते काय आजोबांचा फोटो आहे का. मी इथल्याच एका संस्थेचा हिशोब चौदा वर्षं सांभाळला म्हणून सांगतो, पहिला प्रश्न ग्रँटचा नाहीच. धारा 27 आणि 28 भरल्यात का ते सांग. म्हणजे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट झालेला हिशोब फर्म्स अँड सोसायटीच्या ऑफिसात द्यावा लागतो, आपल्या एमपीचा 1973 चा कायदा आहे. 2021 पासून काहीच दिलं नसेल तर आधी लेट फी भरून ते नीट कर. मग संस्थेच्या नावाचं पॅन, संस्थेच्या नावाचं खातं (अध्यक्षाचं नाही!), एनजीओ दर्पणवर (संस्थांसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी आणि पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे ज्यातून येतात त्या ऑनलाइन सिस्टिमवर.

मिळते का विचारशील तर मिळते. संस्कृती मंत्रालयाची प्रॉडक्शन ग्रँट आहे, साधारण 5 लाखांपर्यंत, अट अशी की संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी, त्यात तू बसतोस. पण पैसे एकदम येत नाहीत, 75 टक्के आधी आणि 25 टक्के नाटक झाल्यावर, हिशोब पटला की. आमचा तो दुसरा हप्ता 17 महिने अडकला होता आणि कशावरून, तर लाइटवाल्याची 6,500 ची पावती लग्नाच्या पाकिटाच्या मागे लिहिलेली, 5 हजारांच्या वर असून रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. तोपर्यंत तो लाइटवाला देवासला राहायला गेलेला. मी एक रुपयाचा स्टॅम्प खिशात घालून बसने देवासला गेलो, त्याने चहा पाजला, सही केली, आणि वर मलाच म्हणाला काका एवढ्यासाठी आलात होय.

सीए_ताई_ग्वाल्हेर:
काकांनी बरोबर सांगितलंय, फक्त एक भर. खर्चाचं जे उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी) द्यायचं असतं तो फॉर्म जीएफआर 12-ए, आणि इन्कम टॅक्समध्ये संस्थांचं जे 12ए असतं, म्हणजे करमाफीची नोंदणी, ते वेगळं प्रकरण. माझ्याकडे दरवर्षी एकतरी ग्रुप येतो ज्यांनी एकाच्या जागी दुसरंच पाठवलेलं असतं.

आता त्या भाऊंचं. समजा 5 लाख आले आणि 1 लाख त्यांना दिला, तो यूसीत कुठे दाखवणार? तिथे "भाऊ" असा कॉलम नाहीये. मग कापडाचं खोटं बिल, लाकडाचं खोटं बिल, आणि खाली सही सेक्रेटरीची म्हणजे बहुतेक तुमची. अर्ज लिहून द्यायची ठरलेली फी घेत असतील तर ती आपल्या पैशांतून द्या, पावती घेऊन. टक्केवारी नको. आणि पुढे कंपन्यांच्या सीएसआरचा (समाजकार्यासाठी त्या देतात तो पैसा) विचार असेल तर 12ए, 80जी (देणगीदाराला करसवलत मिळते ती नोंदणी) आणि सीएसआर-1 फॉर्म (तो पैसा घेण्यासाठीची नोंदणी) आत्ताच करून ठेवा, कला-संस्कृती त्या यादीत बसते.

घुंगरू_वडोदरा:
त्या पोराबद्दल मी लिहिते कारण मी स्वतः त्यातून गेलेय (कथक, इथे बडोद्यात शिकले). तरुण कलाकारांसाठी केंद्राची स्कॉलरशिप आहे, 18 ते 25 वय, महिना 5 हजार, दोन वर्षं, काम सीसीआरटी ही केंद्राचीच सांस्कृतिक संस्था बघते, नाटकालाही आहे. पण आधीचं किमान 5 वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं गुरूकडचं किंवा संस्थेतलं, गच्चीवरची तालीम त्यात धरतील असं नाही, म्हणून तो कुणाकडे शिकलाय ते आधी लेखी घ्या. मग दिल्लीत समितीसमोर करून दाखवायचं. मी चार मिनिटं नाचले असेन, त्यांनी थांबवलं आणि म्हणाले आता हाच तुकडा अर्ध्या लयीत करा, माझे हातपाय गार. पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, सहा महिन्यांचे एकदम येतात, म्हणजे घरभाड्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. 25 च्या पुढे ज्युनिअर फेलोशिप आहे महिना 10 हजारांची, चाळिशीनंतर सीनिअर 20 हजारांची. आणि भोपाळची नाट्यशाळा तर तुमच्या दारातच आहे, वर्षभराचा कोर्स, मी असते तर आधी तिथे पाठवलं असतं.

दुसरी_घंटा:
सगळे सरकारच्याच मागे का? आपल्या सानंद संस्थेचं बघा, सभासदांच्या वर्गणीवर वर्षानुवर्षं मराठी नाटकं येतायत इंदुरात. 31 हजारांची तिकिटं विकली म्हणजे माणसं आली होती ना, त्यांचे नंबर घेतले होते का?

जिरावन_मारके:
@दुसरी_घंटा नाही घेतले 😐 पण भिया सानंद मुंबईची नावाजलेली नाटकं आणतं, आमच्या नाटकाची वर्षभराची वर्गणी आगाऊ कोण देणार, माझा सख्खा मामा पास मागतो.

खजिनदार_काका:
मामाला पहिला सभासद कर. घंटेचं म्हणणं फेकून देऊ नकोस, कारण ग्रँटच्या अर्जासोबत आधीच्या प्रयोगांचे फोटो, बातम्यांची कात्रणं, प्रेक्षक किती हेही विचारतात. रेपर्टरी ग्रँट नावाचा प्रकारही आहे, गुरूला महिना 15 हजार, शिष्यांना वयाप्रमाणे 2 ते 10 हजार, नाटकात 18 शिष्यांपर्यंत. पण ती वर्षभर नियमित काम करणाऱ्यांसाठी. तुम्ही वर्षात एक नाटक करता, तिकडे आत्ता बघूच नकोस.

जिरावन_मारके:
अपडेट देतो. काल अर्धी सुट्टी टाकून रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गेलो, तिथल्या मॅडमनी सर्टिफिकेट हातात घेतलं, नखाने लॅमिनेशन खरवडून बघितलं आणि विचारलं यावर आता शिक्का कुठे मारू? फाइल मात्र सापडली. चार वर्षांच्या याद्या आणि चार ऑडिट, सीए बघतोय, बैठकीच्या रजिस्टरात आमच्या सगळ्या मीटिंगा "पोहे खाल्ले, विंगेचं काम राहिलं" अशा लिहिलेल्यात ते बघून तो बराच वेळ हसला. भाऊंना नको म्हणून कळवलं. पोरगा भोपाळचा फॉर्म कधी निघतो त्यावर लक्ष ठेवून आहे. आणि जीपीओतून 50 रेव्हेन्यू स्टॅम्प आणलेत. काका, आमचा टेम्पोवाला सही करत नाही, अंगठा देतो, चालेल का?

खजिनदार_काका:
चालतो. शेजारी साक्षीदाराची सही घे, आणि कुठल्या हाताचा ते लिही.