तांबड्या रश्श्याबरोबर कॅबरने? माझं मत : नको

शहापूरकर

गेल्या महिन्यात पुण्याहून मेहुणा आला, येताना कॅबरने सोव्हिन्यॉंची बाटली घेऊन. 'रेड मीटबरोबर रेड वाइन, जगभर हेच चालतं,' म्हणाला. घरी रविवारचं मटण होतं. तांबडा रस्सा, त्यात संकेश्वरी मिरचीची चटणी सढळ हाताने. पहिला घोट रश्श्याआधी घेतला तेव्हा वाइन चांगली लागली. जांभळाचा वास, मागून थोडी ढब्बू मिरची, आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा. मग रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि वर दुसरा घोट घेतला. घशापर्यंत जाळ, आणि जाळ ओसरायच्या आत सुपारी चघळल्यासारखं तोंड कोरडं. जांभूळ कुठल्या कुठे गेलं. मेहुण्याच्या कपाळावर घाम. 'बॉडी आहे वाइनला,' एवढंच म्हणाला बिचारा.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, कडक तुरट रेड आपल्या रश्श्याची वैरीण आहे. कारण सरळ आहे. तिखटाने पेटलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी चेतवतं, आणि कॅबरनेत ते 13-14 टक्के तरी असतं. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा. तो लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड सुकतं. सोबत चरबी आणि प्रथिनं असली तर टॅनिन त्यांना धरतं आणि वाइन मऊ लागते. फ्रान्समध्ये बोर्दोकडे कोकराचं मटण मीठ-लसूण लावून भाजतात, त्याच्याशी कॅबरने जमते ती यामुळेच. त्या ताटात मिरची नाही. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन, हे सांगणारे तक्ते त्या ताटासाठी बनले आणि आपण ते निपाणीच्या रश्श्याला लावतोय.

बाकीच्या रेड वाइनची माझी वाटणी अशी. सुक्क्याबरोबर शिराझ. भरल्या वांग्याबरोबर मर्लो. पावसाळ्यात जांबोटीकडची अळंबी मिळालीच तर पिनो न्वार. रश्श्याबरोबर पाणी. बोला.

निपाणीचा तंबाखू

शहापूरकर, तुमचं सगळं मान्य, पण मुळात चूक कुठं हाय सांगू? आमच्याकडं आधी बसायचं, मग जेवायचं. दोन तास बैठक, मग ताट. ताट आलं की ग्लास उलटा. जेवताना कोण पितंय? वाइन रश्श्याबरोबर जमती का भाकरीबरोबर, हा प्रश्नच आपल्याकडं उपटत न्हाई. आपली जोडी चखण्याशी. खारे शेंगदाणे, चिवडा, जास्तीत जास्त तळलेली कलेजी. त्याच्यावर बोला, उगा फ्रान्सला जाऊ नका.

आणि सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात हाय. ह्यो तरी इथंच मिटवा.

टिळकवाडी एक्स्प्रेस

मी पाच वर्षं पणजीला एका हॉटेलात वाइन वाढायचं काम केलं, म्हणून बोलते. शहापूरकर दादा, बाटली कुठे ठेवली होती? किचनच्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी? 'रूम टेंपरेचर' हा शब्द आला तो युरोपातल्या गार दगडी घरांतून, तिथे ते सोळा-अठरा अंश असायचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीच पस्तीसला जाते. एवढी कोमट झाली की रेडमधलं अल्कोहोल आधी नाकात चढतं, फळ मागे राहतं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा. मग कॅबरनेला शिव्या द्या.

दुसरं, तुम्ही फक्त तांबड्याचं बोललात. पांढऱ्या रश्श्याचं काय? त्यात मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, मिरी, लवंग. लाल तिखटाचा पत्ता नाही. नारळाची स्निग्धता टॅनिनला धरते. मी सांगते, पांढऱ्या रश्श्याबरोबर मर्लो. आमच्याकडे शेफ नारळाच्या दुधातल्या मटणाबरोबर हीच द्यायचा. मर्लो कॅबरनेची नातलगच, दोघींचा एक पालक कॅबरने फ्रांक, पण स्वभाव वेगळा. मनुका, आलुबुखार, मऊ अंग, कमी आवळणारी.

शहापूरकर

ओट्यावरच होती, ताई. पकडलंत. पण थंड केली तर टॅनिन उलट जास्त टोचतं, हेही खरं ना?

टिळकवाडी एक्स्प्रेस

फार थंड केली तर. चार अंशांची रेड म्हणजे शाई. मी अर्धा तास म्हटलं, रात्रभर नाही.

अथणीचा बेदाणा

मी बागायतदार. वाइनची द्राक्षं लावत नाही, बेदाणा करतो, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायला मी मोकळा आहे.

एक गैरसमज आधी काढतो. आमच्या बागेतली थॉमसन, सोनाका, माणिक चमन म्हणजे बी नाही, साल पातळ, मणी लांब. खायला आणि रॅकवर वाळवायला उत्तम. त्यांतून रेड निघणार नाही. रेडचा रंग सालीत असतो, रस बहुतेक सगळ्या काळ्या द्राक्षांचाही पांढुरकाच. म्हणून सालीसकट आंबवतात. कॅबरनेचा मणी मटाराएवढा, साल जाड, बिया मोठ्या, म्हणजे गरापेक्षा सालीचंच राज्य. तिचा तुरटपणा हा बनवणाऱ्याचा दोष नव्हे, जातीचा गुण आहे. पिनो न्वारची साल पातळ, म्हणून रंग फिका आणि अंग हलकं. पण तिला गारवा लागतो, फ्रान्सच्या बर्गंडीसारखा. आपल्या उन्हात ती नाजूक पाहुणी.

आता खरी गोष्ट. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, दिवस गार होत असताना. आपल्याकडे ऑक्टोबरला फळछाटणी, तोड जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन रोज चढत असताना. साखर भराभर वाढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. ब्रिक्स मीटरवर (साखर मोजायचं यंत्र) दोन दिवसांत आकडा उडी मारतो हे मी दर वर्षी बघतो. म्हणून आपल्या रेडमध्ये फळ भरपूर, अल्कोहोल भरपूर, आंबटपणा कमी. आणि जेवणाबरोबर वाइनला उठाव देतो तो आंबटपणा. शहापूरकर, तुम्ही टॅनिनवर खापर फोडलंत, मी आंबटपणाच्या कमतरतेवर फोडतो. म्हणून रश्श्याबरोबर आपण लिंबू पिळतो, सोलकढी पितो.

ढब्बू मिरची

माझं नाव घेऊन कॅबरनेची बदनामी केलीत म्हणून आले. ढब्बू मिरचीत आणि कॅबरनेत एकच वासाचं द्रव्य असतं (पायराझिन म्हणतात), आणि द्राक्ष नीट पिकलं नाही की ते जास्त जाणवतं. बदनामी संपली.

आता शिराझवर. सगळे म्हणतात शिराझला मिऱ्याचा वास येतो, म्हणून मटणाबरोबर चालते. मी तीन वेगवेगळ्या बाटल्या हुंगल्या, नंदी हिल्सची कॅबरने-शिराझ धरून. एकीतही मिरी नाही. सगळं ऐकीव आहे. आणि ही जात इराणमधल्या शिराझ गावाहून आली, ते प्रकरण तर बंडलच.

शहापूरकर

इराणचं बंडल, एकदम बरोबर. जनुकं तपासून 1998 मध्ये कळलं की सिराह (शिराझचंच फ्रेंच नाव) फ्रान्सचीच लेक आहे, द्युरेझा आणि मोंद्यूज ब्लांश या दोन जातींचा संकर. रोन नदीच्या काठची.

मिऱ्याबद्दल मात्र माघार घ्या. त्या वासाचं द्रव्य रोटंडोन. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते शिराझमध्ये पकडलं, आणि तेच काळ्या मिऱ्यात भरपूर असतं. गंमत पुढे आहे. त्यांच्या चाचणीत सुमारे पाचांतल्या एका माणसाला ते पाण्यात भरपूर घालूनही हुंगता आलं नाही. तुम्ही त्या पाचव्या असाल.

ढब्बू मिरची

म्हणजे माझं नाक बिघडलं? छान.

घरात मिऱ्याचा डबा उघडून आले. झणझणीत वास येतोय.

अथणीचा बेदाणा

ताई, मिऱ्यात आणखी पुष्कळ वास असतात, एकटं रोटंडोन नसतं. शिवाय ते गार प्रदेशातल्या सिराहमध्ये जास्त उतरतं, आपल्यासारख्या उन्हात कमी. तुमच्या तीन बाटल्यांत ते नसेलही. दोघंही बरोबर असू शकता. शहापूरकर, हे लक्षात घ्या. उत्तर रोनच्या शिराझचा गुण आपल्याकडच्या बाटलीला आपोआप चिकटत नाही.

जांबोटीकर

अळंबीचा उल्लेख झाला म्हणून आलो. अळंबी पहिल्या जोरदार पावसानंतर मोजके दिवस मिळते, किलोभर मिळाली तर नशीब. आई ती लोखंडी कढईत फक्त कांदा, हळद, ओल्या खोबऱ्यावर परतते. मिरची एकच, तीही देठासकट, नंतर काढून टाकते. मातीचा वास जायला नको म्हणून. तो वास तुमच्या पिनो न्वारमध्ये असतो असं म्हणतात, मी ती कधी प्यालो नाही. इथे मिळतही नाही, मिळाली तर परवडत नाही. मग आम्ही काय अळंबी खायची थांबवायची?

आमचा खरा विषय कुंदा. चोर्ला घाटातून गोव्याला गेलो की तिथली गोड पोर्ट मिळते, स्वस्त. तुम्ही लोक तिला हसता. पण कुंद्याबरोबर एकदा घ्या. खवा तांबूस होईपर्यंत परतलेला, थोडा करपट गोड. कोरडी रेड त्याच्यापुढे आंबट पडते, कोकमाच्या पाण्यासारखी. पोर्ट मात्र बसते.

टिळकवाडी एक्स्प्रेस

जांबोटीकर, हे सोनं बोललात. नियमच आहे, गोडाबरोबर वाइन गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट-कडू लागते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. आंबवण मध्येच थांबवायला तीत द्राक्षाची कडक दारू घालतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. लाकडात मुरलेली टॉनी पोर्ट परतलेल्या साखरेच्या आणि सुक्यामेव्याच्या गोडाबरोबरच देतात. कुंदा त्याच घरातला. गोव्यातली 'पोर्ट' ती नव्हे, नुसती गोड लाल वाइन. पण कुंद्याला तेवढं पुरतं. फक्त ती थंड करून प्या, नाहीतर औषध लागते.

शहापूरकर

थांबा, कुंद्यावर माझा आक्षेप आहे. कुंद्याबरोबर काहीही पिणं म्हणजे कुंद्याचा अपमान.

जांबोटीकर

चहा पिता ना?

शहापूरकर

चहा पितो.

कॅम्पातला मास्तर

हे सगळं वाचून एक शिक्षक म्हणून सांगतो, तुम्ही तुरट हा शब्द वाइनच्या पुस्तकातून शिकल्यासारखा वापरताय. आपल्या षड्रसांत तो आधीपासून आहे, सहाव्या क्रमांकावर. आवळा, जांभूळ, कच्चं केळं. आणि आपल्या ताटाची रीत बघा. तुरट आपण जेवणाच्या शेवटी घेतो, विड्यातला कात आणि सुपारी म्हणून. जेवणाच्या मध्ये कोणी कात खात नाही. त्यामुळे शहापूरकरांचा अनुभव योग्य आहे, कारण मात्र मिरचीइतकंच क्रमाचं आहे. तुरट मध्येच आला की रसभंग होतो. मी स्वतः पीत नाही, घरात आणायचंही नाही, हेही नोंदवून ठेवतो.

निपाणीचा तंबाखू

मास्तर, हे बेस. म्हणजे माझंच झालं की. मध्ये नको. मी आधी म्हणतोय, तुम्ही नंतर म्हणताय, मधलं ताट मोकळं राहिलं.

अथणीचा बेदाणा

मास्तरांचा मान ठेवून विरोध करतो. इटलीत जेवणाच्या मध्येच तुरट-आंबट पितात आणि रसभंग होत नाही, कारण ताटातही तसंच असतं. सांजोव्हेसे ही त्यांची टस्कनीतली जात, कियांती तिचीच. आंबटपणा कडक. टोमॅटोच्या रश्श्याबरोबर ती चोख लागते, आंबट आंबटाला भिडतं. तीच जात आता अकलूजला लावतात, आपल्यापासून फार लांब नाही. माझा दावा, आपल्या जेवणाला जुळणारी रेड असलीच तर ती आंबट अंगाची असेल, कॅबरने-शिराझ नव्हे. टोमॅटोचं सार, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी. ते ताट घ्या आणि सांजोव्हेसे अर्धा तास गार करा.

ढब्बू मिरची

शेवटी शाकाहारी ताटावर आलात. एण्णेगाईचं, म्हणजे तेलातल्या भरल्या वांग्याचं, नाव कोणी घेतलं नाही तीन दिवस. शेंगदाणा, तीळ, गुरेळ्याची पूड, वर तेलाचा तवंग. तेल आहे, कडवटसर भाजकेपणा आहे, तिखट बेताचं. मी मर्लोला मत देते. सांजोव्हेसे पाहिली नाही, बघते.

शहापूरकर

बरं, माझं मत थोडं सरकवतो, सोडत नाही. रश्श्याबरोबर नको हे कायम. पण सुक्क्यावर मी अडून आहे. खोबरं काळपट भाजलेलं, मसाला मटणाला चिकटलेला, कढईच्या कडेला चरबी सुटलेली, मीठ नीट. ती चरबी आणि ते मीठ असेल तर शिराझचा तुरटपणा अर्धा उतरतो. मिरी येवो न येवो. कोणाकडे दोन पातेली असतील तर एकाच दिवशी सुक्कं आणि रस्सा करा, एकच बाटली, दोन्हींबरोबर, आणि इथे लिहा.

निपाणीचा तंबाखू

केलं. रविवारी. बायको म्हणाली एक मटण दोन पातेल्यांत कशाला, मी म्हटलं प्रयोग हाय.

शिराझ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, ताईंचं ऐकून. सुक्क्याबरोबर चांगली लागली. मिरी बिरी काय आलं न्हाई, पण चरबीवर घोट घेतला की तोंड साफ होत होतं, पुढचा घास घ्यावा वाटत होता. शहापूरकर, हे तुमचं खरं. रश्श्याबरोबर एकच घोट घेतला, डोळ्यांत पाणी. ते पण तुमचंच खरं. पण सगळ्यांत चांगली लागली खाऱ्या शेंगदाण्याबरोबर, जेवायच्या आधी, अंगणात. ते माझं.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये हाय, ताकाच्या तांब्याशेजारी. आई सकाळपासून दोनदा विचारून गेली, हे कोकमचं सरबत हाय का म्हणून. काय सांगू?