पहिली प्रसूती: कळांपासून बाळ हाती येईपर्यंत नेमके काय जाणवते?

प्रश्न
मला ३८वा आठवडा सुरू असून ही माझी पहिलीच वेळ आहे. गर्भाशयाचे मुख १० सेंटीमीटरपर्यंत उघडते, मग बाळ खाली सरकते, एवढे मी वाचले आहे; पण त्या तासांत स्त्रीला काय जाणवते हे विचारले की ‘वेळ आली की कळेल’ एवढेच उत्तर मिळते. हल्ली संध्याकाळी पोट घट्ट होते आणि थोड्या वेळाने सैल पडते. याच कळा आहेत का? आणि त्या मला सोसवतील का, ही भीती मनातून जात नाही.

उत्तर १
ताई, तुमची भीती अगदी स्वाभाविक आहे. पोट घट्ट होऊन सैल पडणे, त्यात ठरावीक अंतर नसणे आणि कूस बदलल्यावर किंवा थोडे चालल्यावर ते थांबणे, ही बहुधा खोट्या कळांची लक्षणे असतात. खऱ्या कळा चालल्याने थांबत नाहीत. त्यांतील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. माझ्या कळा कमरेत सुरू होऊन पुढे ओटीपोटात येत असत.

पहिलटकरणीने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा संथपणा. रात्रभर कळा सोसून मी रुग्णालयात गेले, तेव्हा गर्भाशयाचे मुख जेमतेम २ सेंटीमीटर उघडले होते आणि मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितले. आपल्या शरीरात काहीतरी कमी आहे असे वाटून मी रडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींनुसार प्रसूतीचा सक्रिय टप्पा, म्हणजे मुख वेगाने उघडू लागते तो काळ, ५ सेंटीमीटरपासून धरतात, त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक कालमर्यादा नाही आणि पहिल्या खेपेला सक्रिय टप्पा १२ तासांपर्यंत चालू शकतो, हे मला नंतर समजले. दर तासाला १ सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडकही त्या शिफारशींनी बाजूला ठेवला आहे. हे आधी ठाऊक असते, तर त्या रात्री मी घड्याळाकडे पाहत बसण्याऐवजी झोपण्याचा प्रयत्न केला असता.

वेदना सलग नसते, हेही मला कुणी सांगितले नव्हते. कळ लाटेसारखी चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. मधल्या वेळात बहुतेकदा बोलता येते, पाणी पिता येते. शेवटी मात्र तो मधला वेळ फार आखडतो. मला थरथर सुटली, उलटी झाली आणि ‘आता माझ्याने होणार नाही’ असे मी ओरडून सांगितले. ‘बहुतेक बायका हे मुख पूर्ण उघडत आल्यावरच म्हणतात,’ असे परिचारिकेने सांगितले, तेव्हा मला फार आधार वाटला. त्यानंतर जोर लावण्याची इच्छा आपोआप झाली आणि माझ्या बाबतीत ते सोसण्यापेक्षा सोपे गेले, कारण आता करण्यासारखे काही तरी होते.

उत्तर २
माझा अनुभव वेगळा असल्याने तोही नोंदवते. मी पाठीच्या कण्यातून वेदनाशामक औषध घेतले होते. वेदना बरीच शमली, दाब मात्र जाणवत राहिला. पुढे बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. वेदनाशमन मागणे किंवा सिझेरियन होणे यांत आईची कसूर नसते, हे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे. कोणत्या परिस्थितीत काय करणार, हे डॉक्टरांना आताच विचारून घ्या; कळांच्या भरात नीट विचार करणे कठीण जाते.

प्रश्नकर्ती
दोघींचेही मनापासून आभार. घरून निघायचे केव्हा, हे मात्र अजून उमगत नाही.

उत्तर ३
मी प्रसूतीकक्षात परिचारिका आहे. पहिल्या खेपेला साधारणपणे दर ५ मिनिटांनी कळ येत असेल, प्रत्येक कळ सुमारे मिनिटभर टिकत असेल आणि तासभर असेच चालू राहिले, तर निघावे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. परंतु बाळाभोवतीचे पाणी गेले (विशेषतः ते हिरवट वा तपकिरी असेल), रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल कमी वाटली, तीव्र डोके दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, तर कळा नसल्या तरी थांबू नये. सोबत आपल्या विश्वासाची एक व्यक्ती प्रसूतीकक्षात राहू शकेल का, हे आधी विचारून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनाही अशा सोबतीची शिफारस करते.

बाळ जन्मल्यावर काम संपले असे वाटते, पण वार (गर्भाशयात बाळाला पोषण देणारा अवयव) पडायची असते; ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत पडते आणि तेव्हा सौम्य कळा पुन्हा येतात. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात आणि पोट दाबून गर्भाशय आवळले आहे का ते पाहतात. ते दुखते, पण आवश्यक असते. आई आणि बाळ दोघेही ठीक असतील, तर नाळ किमान १ मिनिट थांबून बांधावी आणि पहिला तास बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. तुमची ही इच्छा दाखल होतानाच सांगून ठेवा.