मिझुरीची फी-सवलत: हक्क की पळवाट?

शिकागोकर: ओळखीतला मुलगा इलिनॉयमधून मिझुरी विद्यापीठात, कोलंबियाला गेला. सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या मुलांना स्थानिकांपेक्षा जास्त फी पडते, ती पहिलं वर्ष भरली. उन्हाळ्यात घरी न येता तिथेच खोली घेतली, पिझ्झाच्या दुकानात राबला, लायसन्स बदललं, मतदार म्हणून नाव घातलं. स्थानिक ठरायच्या अटी अशा: सलग 12 महिने मुक्काम, किमान 2,000 डॉलरची करपात्र कमाई, आणि बाबांनी करविवरणात त्याला अवलंबित दाखवायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून फी स्थानिक. आता महाराष्ट्र मंडळात कुजबुज चालू, की ‘जुगाड केला’. नियम राज्यानेच लिहिलेत, मग जुगाड कसला?

हिशेबी: 2,000 डॉलरमध्ये वर्ष निघतं का हो? भाडं, जेवण, गाडीचा विमा बाबांनीच भरला असणार. ही सवलत मिझुरीच्या करदात्यांच्या पैशावर चालते. 2019 साली शिकागोजवळच्या लेक काउंटीचं प्रकरण आठवा. सुखवस्तू आईबापांनी मुलांचं पालकत्व कोर्टातून नातेवाइकांच्या, मित्रांच्या नावे करून दिलं. का, तर पोर कागदावर कंगाल दिसावं आणि शिक्षणाची मदत मिळावी. वाट तीच, तुम्ही जरा अलीकडे उतरलात एवढंच.

शिकागोकर: तिथे पोरं घरातच होती, बदलले फक्त आईबाप. इथे पोरगा खरोखर राज्यात राहतोय, तिथला कर भरतोय. आणि ‘परका आलास, परकाच राहशील’ हा कनेटिकट राज्याचा फीचा नियम सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच मोडीत काढलाय.

ह्यूस्टनची मावशी: तुम्ही दोघं सिटिझन पोरांवरून भांडताय. माझी लेक एच-फोरवर आहे, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसावर आधारलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर. 2,000 काय, दोन डॉलर कमवायचीही तिला परवानगी नाही! टेक्सासमध्ये ती स्थानिक ठरली ती आमच्या जिवावर, आम्ही वर्षानुवर्षं इथे आहोत म्हणून. 21 पूर्ण झाली की एच-फोर संपणार. मग बहुतेक मुलं एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेतात, आणि तो व्हिसा मिळतोच मुळी ‘शिकून परत जाईन’ या बोलीवर. मग ‘मी इथलीच’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, ग्रीन कार्डची रांग मात्र हलत नाही. स्वावलंबनाची अट आमच्या पोरांना कायद्यानेच बंद आहे, त्यावर बोला.

पेठेतला: आमच्याकडे अधिवासाच्या दाखल्याला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. तिकडे 12 महिन्यांत काम होतंय तर घ्या की गुपचूप.

हिशेबी: मावशी, तुमचं पटलं, तो अन्यायच आहे. पण मिझुरीवाल्यांना माझं म्हणणं लागू आहेच. कॅलिफोर्निया विद्यापीठ बघा. पदवीचा विद्यार्थी 24 च्या आतला आणि आईबाप परराज्यात असतील, तर स्वतःच्या कमाईवर जगतोय हे सिद्ध करावं लागतं. याला म्हणतात नियम.

शिकागोकर: आणि 19 वर्षांचं कोण ते सिद्ध करणार? ज्याला घरून खरंच हाकललंय, तोच. बाकीच्यांनी काय, आधी बापाशी भांडण काढायचं?