कबर कायमची असावी, की ठरावीक मुदतीची?

गोदाकाठकर (मूळ मांडणी)
गेल्या पावसाळ्यात आमच्या लिंगायत वाणी कुटुंबातील आजींना माती देण्यासाठी खड्डा घेतला, तेव्हा पहिल्या जागी तीन फुटांवर कठीण मुरूम लागला आणि दुसऱ्या जागी कोणाच्या तरी जुन्या दफनातील मिठाचा पांढरा थर. खोदणाऱ्याने न बोलता ती माती परत लोटली. आमच्यात देह बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून पुरतात, त्यामुळे खोली जास्त लागते. तिसरा खड्डा तयार होईपर्यंत संध्याकाळ झाली.

माझे मत असे की, सार्वजनिक जमिनीवरील कबर कायमची नसावी. ठरावीक वर्षांनी ती जागा पुन्हा वापरता येईल आणि तिच्यावर पक्के बांधकाम होणार नाही, असा नियम नाशिक महापालिकेने करावा. मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांचे नियमन करणे व नव्या जागा पुरवणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार तिचे बंधनकारक कर्तव्यच आहे.

शरणपूरकर
माझा याला विरोध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती मिशनने नाशिकला शरणपूर वसवले आणि गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे आणली. मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट इथेच शिकला. (दफनाचे मोल त्याला कोणी शिकवावे लागले नसावे.) ज्या घरांची कागदपत्रे उरली नाहीत, त्यांचा पुरावा म्हणजे दगडावरचे नाव, तो दगड मुदत संपली म्हणून उचलायचा का? शिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम 301 दफनभूमीतील अतिक्रमणाला गुन्हा ठरवते.

गोदाकाठकर
भावना दुखावण्याचा हेतू, किंवा त्या दुखावतील याची जाणीव, ही त्या कलमाची अट आहे. कुटुंबाच्या संमतीने आणि आधी जाहीर केलेल्या नियमाने केलेला पुनर्वापर त्यात बसत नाही. नावाचा दगड भिंतीत बसवून जपता येईल.

जुने नाशिक
गोदाकाठकर, तुम्ही सुचवता ते आमच्या मुस्लिम समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आमच्या बहुतेक कबरी कच्च्या असतात आणि काही वर्षांनी त्याच जागी दुसरी मय्यत दफन होते. तरीही जागा पुरत नाही, म्हणजे रोग दुसरीकडे आहे. विकास आराखड्यात दफनभूमीसाठी आरक्षण टाकले जाते, पण भूसंपादन रखडते. आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होते. आपल्या शहराचा सुधारित आराखडा 2017 चा आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. 2011 च्या जनगणनेतच शहर पंधरा लाखांच्या घरात होते. अशा वेळी पुनर्वापराचा नियम मागणे म्हणजे ‘आहे त्यातच भागवा’ असे म्हणण्याची सबब पालिकेच्या हाती देणे होय.

निफाडचा शेतकरी
सगळ्यांनी सरकारी जागेकडेच का पाहावे? आमच्या भागात गोसावी कुटुंबांच्या समाध्या त्यांच्या स्वतःच्या मळ्यात आहेत आणि त्याचा कोणाला त्रास नाही.

जुने नाशिक
शहराच्या हद्दीत नव्या जागी दफन करायचे तर आयुक्तांची परवानगी लागते. गावातही हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. छत्तीसगडमधील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रकरणात 27 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही: न्या. नागरत्ना यांनी स्वतःच्या शेतात दफनाला मुभा दिली, न्या. शर्मा यांनी नाकारली. शव 7 जानेवारीपासून शवागारात होते, म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला.

गोदाकाठकर
मळ्याबाबत माझी शंका साधी आहे: जमीन विकली, सातबाऱ्यावरचे नाव बदलले, की समाधीचे काय? नवा मालक द्राक्षाचे खांब कुठेही रोवील.

आरक्षणाचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. माझ्या मांडणीत तो सुटला होता. मुदतीचा आग्रह मी सोडत नाही, पण पालिकेकडे द्यायच्या निवेदनात आता पहिली मागणी आरक्षित भूखंडांच्या संपादनाची असेल. त्यावर शरणपूरकरांचीही सही हवी आहे, मग मुदतीवर आपण खुशाल भांडू.