मदत हवी आहे: टायटॅनियमचा थर दिलेल्या कार्बन नॅनोट्यूबचे इलेक्ट्रॉन उत्सर्जन

कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर) टायटॅनियमचा पातळ थर दिल्यावर फील्ड एमिशन (तीव्र विद्युतक्षेत्रामुळे पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे) कमी व्होल्टेजला सुरू होते. मात्र याचे श्रेय घटलेल्या वर्क फंक्शनला (इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) द्यावे की टोकांच्या बदललेल्या आकाराला, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. नॅनोट्यूबचे वर्क फंक्शन सुमारे ४.५ ते ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर टायटॅनियमचे ४.३३, फरक तसा बेताचाच, शिवाय थरामुळे टोकाची त्रिज्या वाढून क्षेत्रवर्धन (अणकुचीदार टोकाशी विद्युतक्षेत्र तीव्र होणे) उलट घटायला हवे. उत्सर्जनाचा प्रवाह व व्होल्टेज यांचा संबंध दाखवणाऱ्या फाउलर-नॉर्डहाइम आलेखाच्या उतारात वर्क फंक्शन आणि क्षेत्रवर्धन हे दोन्ही घटक एकत्र गुंतलेले असल्याने एकट्या उतारावरून ते वेगळे काढता येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली काही टोकांवर सलग थराऐवजी बारीक गुठळ्या दिसतात, आणि त्या स्वतःच अणकुचीदार टोकांसारख्या वागू शकतात, त्यामुळे माझा संशय आकारावरच अधिक आहे. केल्विन प्रोब (वर्क फंक्शन मोजण्याचे उपकरण) तर सगळ्या पृष्ठभागाची सरासरी देतो. मग केवळ टोकाचे वर्क फंक्शन कसे मोजावे?