मदत हवी आहे: फिरत्या शिफ्टमध्ये वजन कसं उतरवायचं? (नाशिक, अंबड)

नमस्कार मंडळी,

१ जानेवारीचे संकल्प मी आजवर कधी केले नाहीत. यंदा करतोय आणि त्याला कारण आहे.

मी सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर आहे. वय ४३, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो. डिसेंबरात कंपनीत आरोग्य तपासणी झाली. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१, उपाशीपोटी साखर ११२, कंबर १०१ सेंमी. थायरॉईड नॉर्मल आहे. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ ला तो ओलांडला. गोळी सुरू केली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, तोवर वजन आणि कंबर दोन्ही उतरवायचं, असं ठरलंय.

माझ्या वडिलांना पंचेचाळिशीत मधुमेह निघाला. पायाची जखम बरी होईना, शेवटची दोन वर्षं त्यांनी कॉटवरच काढली. मुलगी यंदा दहावीला आहे, धाकटा सहावीत. त्यांच्यावर ती वेळ येऊ नये एवढंच माझ्या डोक्यात आहे.

इथले वजन कमी करण्यावरचे जुने धागे वाचून काढले. माहिती चांगली आहे, पण बहुतेक सल्ले सकाळी साडेपाचला उठा, नऊला नाश्ता, रात्री साडेसातच्या आत जेवण, अशा धर्तीचे आहेत. माझी अडचण तिथेच सुरू होते. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री १२, थर्ड १२ ते सकाळी ७. फर्स्टच्या आठवड्यात साडेसहाला बस पकडायची असते. सेकंडला घरी येऊन जेवायला रात्रीचा पाऊण वाजतो. थर्डला सकाळी आठला घरी, नाश्ता करून झोपायचं, पण खाली भाजीवाला, वर मिक्सर, दुपारी मुलं शाळेतून येतात. चार तास सलग झोप लागली तरी खूप.

नाईटचं कॅन्टीन कसं असतं ते शिफ्टवाल्यांना माहीत आहे. रात्री दोनला ब्रेक होतो. काउंटरवर स्टीलच्या परातीत बटाटेवडे, बाजूला पावाची लादी, आणि चहा मशीनमधूनच गोड येतो. थंडीत शॉप फ्लोअरवर मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटने हात गारठलेले असतात, त्यामुळे त्या वेळी गरम वडा नको म्हणणं अवघड जातं. तीनला परत एक चहा, पाचला आणखी एक. भूक नसते, डोळे उघडे ठेवायला काहीतरी लागतं.

दीक्षित की दिवेकर हा वाद इथे नको, ही विनंती. दोघांचंही ऐकलंय. एकीकडे दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवा, दुसरीकडे दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. मला दोन्हींत पडलेला प्रश्न एकच आहे, की थर्ड शिफ्टवाल्याने 'दिवस' कुठून धरायचा?

व्यायामाचं म्हणाल तर उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. चढताना नाही. सेफ्टी शूजची लेस बांधायला वाकलं की पोट आडवं येतं आणि दम लागतो. पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणी जवळ आहे, आमच्या लाईनमधली मुलं सुट्टीच्या दिवशी पायऱ्या चढायला जातात. मी जावं की नाही?

घरी आई आहे, भाकरीवर तूप तिच्या हाताने वाढते. बायकोची पूर्ण साथ आहे, फक्त माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक तिला करायला लावायचा नाही. तीही सकाळी दुसऱ्यांकडे पोळ्या करायला जाते. जिमची फी सध्या परवडणारी नाही. शिफ्टमध्ये काम करून ज्यांनी हे जमवलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सकाळचा_वॉक

भाऊ, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर या. आमचा ग्रुप पहाटे साडेपाचला असतो, साठीच्या पुढचे लोकही पाच-पाच राऊंड मारतात. थंडी असली तरी स्वेटर घालून सुरू करा, आठवड्याभरात सवय होते. सोबत असली की कंटाळा येत नाही.

धागाकर्ता

धन्यवाद काका. सेकंडच्या आठवड्यात मी रात्री दीडला झोपतो, पहाटे साडेपाचला उठलो तर झोप चार तासांची होईल. सुट्टीच्या दिवशी नक्की येऊन भेटेन.

सातपूरकर

मी सातपूरला आयुष्य शिफ्टमध्ये काढलं, आता रिटायर आहे. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. दिवस घड्याळावर धरू नका, उठण्यावर धरा. उठल्यावर पहिल्या दोन तासांत चालणं उरकायचं, मग सकाळचे आठ असोत की दुपारचे तीन. फर्स्टला मात्र ते जमत नाही. तिथे घरी आल्यावर चहाला टेकण्याआधी, बूट न काढता परस्पर चालायला जायचं. एकदा बूड टेकलं की संपलं.

तीनही आठवडे सारखे वागवू नका. सेकंड शिफ्टचा आठवडा सोन्यासारखा असतो. साडेआठला उठा, अख्खी सकाळ तुमची. जास्तीचा व्यायाम, लांबचं चालणं सगळं त्या आठवड्यात. थर्डच्या आठवड्यात वजन उतरवायचा विचारच सोडा, फक्त झोप सांभाळा आणि वीस-पंचवीस मिनिटं पाय मोकळे करा. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं कमी होतं. चार तास झोपून डाएट केलं तर शरीर तुम्हाला वड्याकडेच ओढणार. खिडकीला जाड पडदा, फोन बायकोकडे, दारावर 'बेल वाजवू नये' असा कागद. आमच्या आळीत सगळ्यांनी तो कागद मानला होता.

रात्रीच्या जेवणाचं असं. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, तोच वडापाव दुपारी खाल्ला तर साखर जितकी चढते त्यापेक्षा रात्री दोनला जास्त चढते. म्हणून पोटभर जेवण घरून निघायच्या आधी, साडेदहाच्या सुमारास. ब्रेकसाठी डबा न्या: दोन उकडलेली अंडी, नाहीतर मूठभर फुटाणे आणि ताक. थंडीत ताक नको असेल तर थर्मासमध्ये मुगाचं कढण. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोपा. चहा तीननंतर बंद, नाहीतर झोप उडते.

आणखी एक. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यासाठी कॅन्टीनची तरतूद आली, आणि त्या कॅन्टीनच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी बसायचे. तुमच्याकडे कमिटी असेल तर अर्ज द्या की रात्रीच्या ब्रेकला उसळ, अंडी आणि बिनसाखरेचा चहा ठेवा. साखर ज्याची त्याने घालावी. तपासणीत तुम्ही एकटेच निघाला नसणार, चार सह्या सहज मिळतील.

गोदाकाठ

दादा, वेगळा स्वयंपाक नकोच. घरात दर महिन्याला तेल किती लागतं ते एकदा ताईंना विचारा. माणशी एक लिटर होत असेल तर रोज पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. माझ्या घरी मी फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घेतला, आणि महिन्याचं तेल एका मोठ्या बाटलीत वेगळं काढून ठेवलं. ती बाटली संपली की महिना संपेपर्यंत उकड-वाफ. चवीत फरक पडला म्हणून कोणी ओरडलं नाही, मिरची-लसणाचा ठेचा असला की भागतं.

आईंचं तूप बंद करू नका, त्या दुखावतील. चमचा छोटा द्या त्यांच्या हातात. आणि ताटाचा क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी दोन घास. आता बाजारात मेथी, पालक, गाजर, मुळा, ओला हरभरा सगळं स्वस्त आहे, हाच मोसम आहे. भोगीची भाजी तर अगदी तुमच्यासाठीच, फक्त तिळाचं कूट बेताने.

मिसळीचं कोणी विचारलं नाही, पण नाशिकमध्ये राहून तो विषय टाळता येणार नाही. मिसळ सोडू नका. मोड आलेली मटकी वाईट नाही. तर्री वरून काढून घ्यायची, फरसाण निम्मं, पाव एकच, पापडाऐवजी दही. संक्रांतीला तिळगूळही घ्या, पण लाडवांचा डबा टेबलावर ठेवू नका.

फिजिओ_ताई

आधी एक महत्त्वाचं. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, श्रमाच्या मानाने जास्त दम, यांपैकी काही होत असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला. लेस बांधताना दम लागतो असं लिहिलंय, तो पोटामुळे असू शकतो, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

पांडवलेणीला सध्या थांबा. गुडघा उतरताना दुखतोय म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला भार पेलत नाहीये, आणि पायऱ्या उतरताना त्याच्यावरच सगळ्यात जास्त ताण येतो. पायथ्याशी सपाटीवर चाला, दीड-दोन महिन्यांनी चढायचं बघू. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, त्यामुळे धीर धरलात तर गुडघाच तुम्हाला सांगेल.

घरी करायचे तीन व्यायाम. एक: खुर्चीत बसा, हात छातीवर, हाताचा आधार न घेता उभे राहा, मग मनात तीन मोजत सावकाश बसा. हे सावकाश बसणंच औषध आहे, धप्पकन बसू नका. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. दोन: पाठीवर झोपून एक पाय गुडघ्यात दुमडा, दुसरा सरळ ठेवून फूटभर वर उचला, पाच मोजा, खाली. तीन: भिंतीला हात लावून तिरके उभे राहून दंड. जमिनीवरचे दंड आत्ताच नकोत. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. स्नायू तयार झाला की रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून नुसतं चालणं पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ती मिनिटं तुकड्यांत केली तरी चालतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखरेला फार उपयोगी पडते, आणि ती कुठल्याही शिफ्टमध्ये जमते, ब्रेकमध्ये शेडभोवतीसुद्धा.

उंबरठ्यावरून_परत

माझंही ६.२ होतं, आता ५.६ आहे. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा मोठा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं, तर पुढच्या सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या ८४ किलोचे ७ टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो. एकदम ६५ किलोचं स्वप्न बघू नका. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम. कंबर मात्र दर पंधरा दिवसांनी मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवी. कधी कधी काटा हलत नाही तेव्हा टेप हलते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला हा धागा वाचून दाखवला, तेलाची बाटली तिला लगेच पटली. आईला छोटा चमचा दिलाय. फिजिओ ताई, छातीत वगैरे काही होत नाही, तरी सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांना दाखवतो. कॅन्टीनच्या अर्जावर आमच्या लाईनमधल्या सगळ्यांनी सह्या केल्या, त्यात दोघं जण तपासणीत माझ्यासारखेच निघालेत.

सातपूरकर काका, एक प्रश्न उरला. थर्ड संपून फर्स्ट सुरू होते तो मधला सुट्टीचा दिवस. सकाळी सातला सुटतो आणि दुसऱ्या दिवशी सातला परत मशीनवर. दिवसभर झोपलो तर रात्री झोप येत नाही, नाही झोपलो तर दुपारी डोकं भणभणतं आणि दिवसभर खात सुटतो.

सातपूरकर

तो दिवस सगळ्यांना जड जातो. तुमची शिफ्ट फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी पुढे सरकते हे बरं आहे, उलट्या क्रमाने फिरली असती तर शरीराला आणखी जड गेलं असतं.

त्या दिवशी सकाळी घरी आल्यावर दीड-दोन तासच झोपा, गजर लावून. बायकोला सांगून ठेवा की उठवायचंच. उठल्यावर आंघोळ, जेवण आणि दुपारी उन्हात बाहेर. घरात अंधारात बसू नका, ऊन अंगावर आलं की शरीराला दिवस कळतो. मुलांना घेऊन गोदापार्कला जा, सोमेश्वरला जा, चालणं आपोआप होईल. गाडी मात्र त्या दिवशी तुम्ही चालवू नका, झोपेची गुंगी असते. बायको चालवत असेल तर ती, नाहीतर सिटी बस. दुपारी चारनंतर चहा नाही. संध्याकाळी सातला साधं वरण-भात-भाजी, साडेनऊला अंथरूण. पहिल्या एक-दोन वेळा झोप उशिरा लागेल, तरी उठून बसू नका, पडून राहा.

आणि त्या दिवशी वजन करू नका. फर्स्टच्या आठवड्यात, दोन रात्री नीट झोप झाल्यावर, सकाळी पोट साफ झालं की काट्यावर उभे राहा. दर वेळी तोच दिवस धरा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.