ख्रिस्ती माणसाने सार्वकालिकाकडे लक्ष ठेवावे, म्हणजे नेमके काय करावे?

यात्रिक (चर्चेचा प्रस्ताव)

बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, जे ख्रिस्ताबरोबर उठवले गेले आहेत त्यांनी वरील गोष्टींकडे मन लावावे, पृथ्वीवरील गोष्टींकडे नव्हे. हे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे, आणि तरीही मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, इतके दुर्लक्षित वचन दुसरे क्वचितच असेल, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रार्थनासभेत आपण काय मागतो ते पाहावे: नोकरी, बढती, घर, परीक्षेतील यश, प्रकृती. यांपैकी एकही मागणी पाप नाही. परंतु पापक्षमा, शत्रूविषयी प्रेम, जीवनाचे पावित्र्य, प्रभूच्या येण्याची आस या गोष्टी त्या मागण्यांत जवळजवळ नसतातच. साक्ष देण्यास उभा राहिलेला विश्वासणाराही बहुधा आपल्याला काय मिळाले तेवढेच सांगून खाली बसतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील धनवान मनुष्य मला या संदर्भात नेहमी अस्वस्थ करतो. त्याने चोरी केली किंवा कोणाची मजुरी बुडवली, असे प्रभू येशू कुठेही म्हणत नाही. जमिनीला भरपूर पीक आले, त्याने मोठी कोठारे बांधण्याचे ठरवले, पुष्कळ वर्षांची तरतूद झाली म्हणून स्वतःच्या जिवाला निश्चिंत केले, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. आज आपण ज्याला शहाणा आणि आशीर्वादित म्हणू, त्याला देव मूर्ख म्हणतो. त्याच्या स्वगतात दुसऱ्या माणसाला जागाच नाही. पीक माझे, कोठारे माझी, माल माझा, जीवही माझाच. म्हणून माझा प्रस्ताव असा की, कोणती वस्तू, पद किंवा प्रतिष्ठा गेली असता आपला देवावरील विश्वासच डळमळेल, हे प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. जे उत्तर येईल तेथे आपले मन लागलेले आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

खमीर

आपल्या तळमळीचा आदर राखून मी या प्रस्तावाला विरोध करतो. 'वर पाहा' हा उपदेश इतिहासात कोणी कोणाला केला, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. १८०७ साली लंडनमध्ये, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी म्हणून पवित्र शास्त्रातील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. इस्राएल लोकांची मिसरच्या दास्यातून झालेली सुटका त्यातून वगळली होती. दासांनी आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहावे, हे वचन मात्र ठेवले होते. पाठीवर फटके खाणाऱ्याला स्वर्गातील प्रतिफळ दाखवायचे आणि पृथ्वीवरील न्यायाविषयी मौन पाळायचे, हा व्यवहार अनेक मळ्यांवर उपासनेच्या नावाने चालला. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला 'ऐहिकाचा मोह सोड' असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

शास्त्राचा कलही मला वेगळा दिसतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र गौरवाने येऊन राजासनावर बसतो आणि सर्व राष्ट्रांचा न्याय करतो. याहून सार्वकालिक प्रसंग तो कोणता असेल? पण त्या राजासनापुढे भुकेल्याला अन्न दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला आश्रय दिला का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याचा समाचार घेतला का आणि तुरुंगातल्याला भेटले का, हेच पाहिले जाते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे आणि देवाची इच्छा स्वर्गाप्रमाणे पृथ्वीवरही व्हावी, असे म्हटले आहे. आपला विश्वास शरीराच्या पुनरुत्थानावर आहे, शरीरापासून सुटकेवर नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर अवघी सृष्टी मुक्तीची वाट पाहत कण्हते आहे. ही पृथ्वी टाकून द्यायची वाट-धर्मशाळा आहे, असे मानणे मला ख्रिस्ती शिकवणीला धरून वाटत नाही.

यात्रिक

आपण दिलेले उदाहरण माझ्या बाजूनेही बोलते. दास्यातून सोडवणाऱ्या देवाची संपूर्ण आशा गुलामांच्या हाती पडली असती तर ती धोक्याची ठरली असती, म्हणूनच तर ते पुस्तक कापावे लागले. सार्वकालिक आशेने माणूस निमूट होतो, असा त्या मालकांचाही विश्वास नव्हता.

कलस्सैकरांस पत्राचा तो अध्याय पुढे वाचला तर 'वरील गोष्टी' म्हणजे काय ते पौल उलगडून सांगतो: करुणा, ममता, सौम्यता, सहनशीलता, क्षमा, प्रीती. यांतील एकही गोष्ट शेजाऱ्यावाचून आचरता येत नाही. राग, निंदा, लबाडी आणि लोभ या गोष्टी तो पृथ्वीवरच्या म्हणतो, आणि लोभाला तर थेट मूर्तिपूजा म्हणतो. त्याच अध्यायाच्या शेवटी दासांना आज्ञापालनाचा उपदेश आहे, हे मला मान्य आहे आणि ते वाचणे सोपे नाही. परंतु लगेच पुढच्या वचनात धन्यांनाही बजावले आहे की त्यांनी न्यायाने व समतेने वागावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे.

परिचारिका

माझे काम मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ वादाचा नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमी साम्राज्यात मोठी साथ पसरली, तेव्हा आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस याने लिहून ठेवले आहे की अनेक ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यात कित्येक मरण पावले, तर इतर लोक आपल्या जिवलगांनाही सोडून पळाले. पुढे ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या सम्राट जूलियनने ३६२च्या सुमारास एका पुरोहिताला तक्रारीच्या सुरात लिहिले की हे गालीलकर (म्हणजे ख्रिस्ती लोक) आपल्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात. ज्यांना मरणानंतरच्या जीवनाची खात्री होती तेच लोक संसर्गाच्या खाटेजवळ थांबू शकले, असे मला वाटते, आणि खमीर यांनी या बाजूचा विचार करावा.

मात्र यात्रिक यांचे प्रार्थनेविषयीचे म्हणणे मला कठोर वाटते. वेदना कमी व्हावी एवढेच मागणारा रुग्ण संसारात गुंतलेला नसतो. त्याच्यापुढे सार्वकालिक गोष्टींची यादी ठेवणारे भेटीस आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या शब्दांनी तो अधिकच एकटा पडतो. प्रभूकडे आलेल्या आंधळ्याने दृष्टी मागितली, आणि त्याला ती मिळाली. आधी मागणी सुधारून आण, असे प्रभू त्याला म्हणाला नाही.

गृहस्थ

मुलांच्या शिक्षणासाठी आणि म्हातारपणासाठी बचत करणारा माणूस त्या मूर्ख धनवानाच्या पंक्तीत बसतो का, एवढेच मला विचारायचे आहे. जो स्वकीयांची, विशेषतः आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीत काम सोडून बसलेल्यांनाही पौलाने काम करून स्वतःची भाकर खाण्याची आज्ञा दिली.

यात्रिक

बसत नाही, असे माझे उत्तर आहे. पण त्याला मर्यादा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी पैशाविषयी तीन नियम शिकवले: होईल तितके मिळवा, होईल तितके वाचवा, होईल तितके द्या. पहिला नियम पाळणारे पुष्कळ, दुसरा पाळणारे थोडे आणि तिसरा पाळणारे अगदीच विरळा, अशी खंत त्यांनी म्हातारपणी व्यक्त केली. बचत कोठे थांबते आणि कोठार कोठे सुरू होते, ते या तिसऱ्या नियमावरून कळते. परिचारिका यांचा आक्षेप मी स्वीकारतो: माझा रोख सुस्थितीतील मंडळींच्या प्रार्थनांवर होता, दुखणेकऱ्याच्या हाकेवर नव्हता, आणि ते मी आरंभीच लिहायला हवे होते.

खमीर

तेवढ्याने माझे समाधान होत नाही. साथीतील त्या विश्वासणाऱ्यांपुढे मीही नतमस्तक आहे, परंतु त्यांनी तो उपदेश स्वतःला लागू केला आणि दुसऱ्याला भाकर दिली. आपल्या मंडळ्यांत मात्र 'पृथ्वीवर संपत्ती साठवू नका' हे वचन कमी वेतनाविषयी कुरकुर करणाऱ्या सेवकाला ऐकवले जाते आणि त्याचे वेतन ठरवणाऱ्यांच्या बैठकीत ते कोणी वाचत नाही. मळ्याच्या धन्यांच्या वेळचा क्रम अजून तोच असेल, तर सार्वकालिकाकडे लक्ष ठेवण्याच्या उपदेशाला माझा विरोध राहील. यात्रिक यांनी हा प्रस्ताव प्रार्थनासभेआधी त्या बैठकीत मांडावा. तेथे मी त्यांच्या शेजारी उभा राहीन.